वैशाखातही हात गारच?

पौषातल्या रात्री हातपाय गार पडले तर त्याला कुणी आजार म्हणत नाही. कामरगावच्या शिवारात ज्याने रात्रीच्या लाइनीवर हरभऱ्याला ओलीत केले आहे, त्याला हे सांगायलाच नको. स्प्रिंकलरचे पाइप बदलताना बाह्या भिजतात, पाय चिखलात रुततात आणि बोटे अशी आखडतात की पाइपाची कडी लागता लागत नाही. काळीज, मेंदू, फुफ्फुसे यांची ऊब टिकावी म्हणून शरीर हातापायांच्या कातडीतल्या रक्तवाहिन्या आवळून घेते. शेकोटीजवळ घटकाभर बसले की त्या सैल होतात आणि बोटे परत कामाला लागतात.

मला बोलायचे आहे ते वैशाखातल्या गार हातांबद्दल. आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, पत्र्याखाली बसवत नाही. अशा दिवसांतही एखाद्या बाईचा हात हातात घेतला तर गार लागतो. विचारले तर उत्तर ठरलेले, "माह्या मायचेबी हात असेच थंडे रायत." मायलेकींची ही सारखी गाऱ्हाणी ऐकली की मला पहिली शंका येते ती रक्ताची. घरात दोन पिढ्या बायका सगळ्यांच्या शेवटी जेवल्या, तर दोन पिढ्यांचे रक्त कमी असायचेच.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या सुमारे 54 टक्के महिलांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे निंदणाला चाललेल्या बायकांपैकी निम्म्या. हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेते. ते कमी पडले की शरीर आधी मोठ्या अवयवांची सोय बघते, आणि बोटांच्या वाट्याला उरलेसुरले येते. गार हातांच्या जोडीला चढ चढताना धाप, डोळ्यांपुढे अंधारी, पांढुरकी नखे आणि कधी माती किंवा कच्चे तांदूळ खाण्याची ओढ असेल, तर तपासणी टाळूच नये. पाळीत अंगावरून फार जात असेल तर तेही डॉक्टरांना सांगावे. लाजून गप्प राहिले तर गोळ्या घेऊनही रक्त वाढत नाही.

लोहाच्या गोळीने शी काळी होते, पोट थोडे बिघडते. त्याला घाबरून आपल्याकडे निम्म्या गोळ्या फडताळात पडून राहतात. काळी शी गोळीमुळेच होते, त्यात भिण्यासारखे काही नाही. जेवल्या जेवल्या चहा घेऊ नये, त्याने लोह अंगी लागत नाही. हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्याचा घोळाणा, मेथी, त्यावर लिंबू हे सारे चांगलेच. पण रक्त फार उतरले असेल तर नुसत्या भाजीने ते भरून निघत नाही. विदर्भात सिकलसेलही बऱ्याच घरांत आहे. त्या रुग्णांना थंडीने दुखण्याचा झटका येऊ शकतो आणि लोहाची गोळी त्यांनी मनाने सुरू करू नये.

रक्त चांगले असूनही थंडी सोसत नसेल, वजन वाढत असेल, शौचाला कडक होत असेल, कातडी कोरडी पडत असेल, तर थायरॉइड तपासावे. बोटे आधी पांढरीफटक, मग निळसर, मग लालभडक होत असतील तर तो रेनॉडचा विकार. मॉरिस रेनॉड या फ्रेंच डॉक्टरांनी 1862 मध्ये त्याचे वर्णन केले. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही हातपाय गार पडतात. तेव्हा डॉक्टरांना सांगावे, गोळी आपल्या मनाने तोडू नये.

मधुमेहाची गोष्ट फसवी आहे. रुग्ण म्हणतो पाय गार पडले, आणि हात लावावा तर पाय चांगले ऊबदार. नसा बधिर झाल्याने त्याला गार वाटते. असा माणूस शेगडीवर पाय धरतो, चटका कळत नाही, आणि सकाळी तळव्याला फोड दिसतो. त्यातून जखम चिघळते. मधुमेह असेल तर पाय शेकू नका, मोजे घाला.

पुरुषांना मात्र माझे सांगणे बिडी आणि खर्ऱ्याबद्दल आहे. तंबाखूतले निकोटिन रक्तवाहिन्या आवळते. बिडी ओढणाऱ्या तरण्याताठ्या माणसांत बर्गरचा आजार होतो: पायाचे बोट गार पडते, चालताना पोटरी भरून येते, रात्री ठणका लागतो, मग बोट काळे पडते. तंबाखू पुरती सुटली नाही तर बोटच काय, पाय काढावा लागतो. दिवसाला एकच बिडी, असा हिशेब इथे चालत नाही. एकच पाय अचानक गार, पांढरा आणि ठणकणारा झाला, तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच मोठ्या दवाखान्यात न्या.

हिमोग्लोबिनची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. पुरुषांत 13, बायकांत 12 आणि गरोदरपणी 11 च्या खाली आकडा आला तर उपचार हवेत. या आठवड्यात कारंज्याला बाजाराला जाल, तेव्हा घरच्या बाईलाही सोबत घ्या आणि आधी तिचे रक्त तपासून घ्या.