विचारायला लाजू नका : क्रूझच्या सफरीत आम्ही शिकलो ते



गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांत एकच विषय पुन्हा पुन्हा आला. चिपळूणच्या एका भगिनीने लिहिले, "मुलगा आम्हाला सिंगापूरहून क्रूझवर न्यायचे म्हणतो. चार दिवस जहाजावर आपले खाणेपिणे आणि नमाज कसे जमणार?" मुंब्र्याच्या एका निवृत्त बंधूंचा सवाल सरळ होता, "क्रूझ म्हणजे दारू आणि जुगार. आपण तिथे जावेच का?"

२०१७ पासून आम्ही दोघांनी सहा वेळा अशा सफरी केल्या. तीन सिंगापूरहून, दोन भूमध्य समुद्रात आणि एक मुंबईहून लक्षद्वीपची. त्यातून जे शिकलो ते आज लिहितो. सुरुवात मात्र आमच्या चुकीपासून करतो, कारण सगळ्यात मोठा धडा तिथेच मिळाला.

अम्मींचे दोन दिवस

पहिल्या सफरीत आम्ही अम्मींना बरोबर नेले होते. सिंगापूर, पेनांग, फुकेत आणि परत, अशी चार रात्रींची सफर. अम्मींना समुद्र नवा नव्हता. १९८० च्या दशकात त्या मुंबईहून 'अकबर' जहाजाने हजला गेल्या होत्या. मुंबईहून जेद्दाहला जाणारी हाजींची जहाजे १९९५ मध्ये बंद झाली, पण त्या प्रवासाच्या गोष्टी अम्मी अजून सांगतात. त्या जहाजावर अजान व्हायची, पंगतीला आपलेच लोक, आपलेच जेवण. काही विचारावे लागत नसे.

या जहाजावर सगळे उलटे होते. जेवणाचा हॉल एखाद्या लग्नाच्या मांडवाएवढा, पन्नास-साठ पदार्थ मांडलेले, आणि त्यात आपल्याला चालणारे कोणते हे कळायला मार्ग नाही. सॉसमध्ये वाइन असू शकते, पुडिंगमध्ये जिलेटिन असू शकते. नाश्त्याला बेकनचा ट्रे अंड्यांच्या ट्रेला खेटून ठेवलेला. अम्मी म्हणाल्या, "राहू द्या, मी पाव आणि सफरचंद खाते." आम्हीही तेच केले. वाढप्याला विचारायचा धीर झाला नाही. आपल्यामुळे उगीच कुणाला त्रास कशाला, चारचौघांत आपले वेगळेपण कशाला दाखवायचे, असे वाटले.

अम्मींना मधुमेह आहे. गोळी रोजची चालू होती, पोटात मात्र पाव आणि फळ. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, बोलणे अडखळू लागले. साखर उतरली होती. टेबल पुसणाऱ्या एका इंडोनेशियन मुलाच्या ते आधी लक्षात आले. त्याने पळत जाऊन साखर घातलेला संत्र्याचा रस आणला, आणि अम्मींना थोडे बरे वाटल्यावर हळूच सलाम केला. तोही आपलाच भाऊ निघाला. मग जहाजावरच्या डॉक्टरकडे गेलो. तपासणीचे बिल डॉलरमध्ये आले, ते भरताना आमचे डोळे पांढरे झाले.

संध्याकाळी त्या मुलाने मुख्य वाढप्याला आमच्याकडे आणले. तो म्हणाला, "तुम्ही बुकिंगच्या वेळी कळवले असते तर हलाल जेवणाची सोय आधीच झाली असती. पण भारतीय स्वयंपाकी आहे. डाळ, भात, भाजी, चपाती पहिल्या दिवसापासून मिळाली असती. कुणी मागितलेच नाही."

शेजारच्या टेबलावर मुंबईचे एक जैन कुटुंब होते. त्यांना पहिल्या रात्रीपासून कांदा-लसूण नसलेले गरम जेवण मिळत होते. त्यांनी काही जादू केली नव्हती. बुकिंगच्या वेळी लिहून कळवले होते आणि जहाजावर पाय ठेवताच पुन्हा आठवण करून दिली होती. त्यात त्यांना संकोच वाटला नाही आणि ऐकणाऱ्यालाही काही वावगे वाटले नाही. आम्ही मात्र पुरते पैसे भरून दोन दिवस चोरासारखे पाव खात बसलो होतो.

मूल रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही, ही आपल्याकडची म्हण आम्हाला त्या दिवशी नीट समजली. हल्ली आपल्या खाण्याबद्दल, नमाजबद्दल बाहेर बोलताना आपण दबकतो. तो दबकेपणा घरून बरोबर नेला की म्हाताऱ्या माणसाच्या जिवावर बेतू शकतो.

जेवण : तीन वेळा सांगा

आता आमचा नियम ठरला आहे. बुकिंग करताना एजंटला हलाल जेवणाचे लेखी कळवायचे आणि कंपनीकडून आलेले उत्तर छापून जवळ ठेवायचे. निघण्याच्या महिनाभर आधी पुन्हा खात्री करायची. आणि जहाजावर चढल्याच्या दिवशीच, जेवणाची गर्दी होण्यापूर्वी, मुख्य वाढप्याला भेटायचे. तो रोज रात्री दुसऱ्या दिवसाचा मेनू दाखवून आपली पसंती लिहून घेतो.

"हलाल आहे का?" एवढेच विचारून भागत नाही. "डुकराचे मांस नाही" म्हणजे हलाल, असे पुष्कळांना वाटते. म्हणून मांस हलाल आहे का, वाइन घातली आहे का, तळणीचे तेल वेगळे आहे का, असे एकेक विचारा. समाधान झाले नाही तर शाकाहारी जेवण घ्या. मासळीचा प्रश्न आमच्या घरात मजेशीर आहे. आमच्यापैकी एक सोलापूरचा हनफी, दुसरी दापोलीची शाफई. त्यामुळे एका ताटात खेकडा असतो आणि दुसरे ताट त्याच्याकडे नुसते बघत असते.

ही अडचणच नको असेल तर जहाज निवडतानाच बघा. सिंगापूरहून सुटणाऱ्या 'गेंटिंग ड्रीम'वर हलाल प्रमाणित जेवणाची सोय आहे. डिसेंबर २०२४ पासून जेद्दाहहून तांबड्या समुद्रात 'आरोया' हे सौदी जहाज सुरू झाले आहे, त्यावर दारू दिली जात नाही. आम्ही अजून त्यावर गेलेलो नाही, इन्शाअल्लाह जाऊ.

नमाज, वुजू आणि किब्ला

आपल्याकडे किब्ला म्हणजे पश्चिम, हे अंगवळणी पडलेले असते. समुद्रावर ही सवय सोडावी लागते. सिंगापूरजवळ किब्ला पश्चिमेपासून थोडा उत्तरेकडे असतो. इस्तंबूलला तो दक्षिण-आग्नेयेला आणि बार्सिलोनाला पूर्व-आग्नेयेला येतो. मोबाइलचा कंपास जहाजाच्या पोलादामुळे चुकतो, म्हणून केबिनमध्ये त्याच्यावर विसंबू नका. केबिनच्या टीव्हीवर बहुतेक जहाजांत नकाशा दिसतो, त्यात जहाजाचे तोंड कोणत्या दिशेला आहे ते कळते. त्यावरून दिशा काढा, किंवा उघड्या डेकवर जाऊन सूर्य बघा. मगरिबची वेळ तर डोळ्यांनीच दिसते. उघड्या समुद्रावर सूर्य बुडताना मध्ये ना डोंगर येतो ना इमारत. नमाजच्या वेळा दाखवणारे अ‍ॅप मात्र घरूनच इंटरनेटशिवाय चालेल असे करून घ्या.

प्रवासात फर्ज नमाज कस्र करण्याची सवलत आहे, चार रकअतच्या जागी दोन. शाफई मसलकात जुहर-असर आणि मगरिब-इशा एकत्र करण्याचीही मुभा आहे, हनफींमध्ये नाही. जहाज मध्येच वळले तर काय, चक्कर येत असेल तर बसून पढावी का, हे आपापल्या मसलकाच्या आलिमांना निघण्यापूर्वीच विचारा. जून-जुलैत नॉर्वेच्या उत्तरेला जाणार असाल तर हे जास्तच गरजेचे, कारण तिथे त्या दिवसांत सूर्य मावळतच नाही.

केबिनचे न्हाणीघर आपल्या कपाटाएवढे असते. बेसिनमध्ये पाय धुताना घसरून पडण्याची भीती, म्हणून रबरी चपला आणि एक जुना टॉवेल ठेवा. आम्ही चामडी मोजे नेतो. मुसाफिराला त्यांच्यावर तीन दिवस-रात्र मसह करता येतो. शौचालयात जेट नसतो, तेव्हा लोटा किंवा रिकामी बाटली न विसरता घ्या. अगरबत्ती, लोबान, इस्त्री आणि पाणी तापवायची किटली नेऊ नका. आगीच्या भीतीने या वस्तू काढून घेतात.

फजरच्या वेळी वरचा डेक रिकामा असतो. रात्रीच्या नाचगाण्यानंतर सगळे झोपलेले असतात. मुंब्र्याच्या बंधूंना आमचे उत्तर हेच की बार आणि कसिनो जहाजाच्या काही भागात असतात, पूर्ण जहाजभर नसतात. तिकडे न जाणे आपल्या हाती आहे. तरीही मन घट नसेल, किंवा घरातल्या तरुण मुलांची काळजी वाटत असेल, तर जाऊ नये. सफर काही फर्ज नाही.

जहाज थांबत नाही

तिसऱ्या सफरीत फुकेतला आम्ही थोडक्यात वाचलो. तिथे जहाज खोल पाण्यात नांगरते आणि छोट्या बोटींनी किनाऱ्यावर नेतात. शेवटची बोट पाचला होती. बाजारात फिरताना मोबाइलवर चारला दहा कमी दिसत होते, म्हणून आम्ही निवांत होतो. इतक्यात आमच्याच जहाजावरचे एक गृहस्थ हातातले घड्याळ दाखवत म्हणाले, "पाचला दहा कमी आहेत, चला!" थायलंडची वेळ सिंगापूरपेक्षा एक तास मागे. मोबाइलने आपणहून ती वेळ घेतली होती, जहाज मात्र सिंगापूरच्या वेळेवर चालत होते. धावत बोट गाठली. तेव्हापासून हातात साधे घड्याळ घालतो आणि ते जहाजाच्या वेळेवर ठेवतो.

जहाजाकडून घेतलेल्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबते. स्वतःच्या टॅक्सीने गेलात तर थांबत नाही. म्हणून बंदर शहरापासून लांब असेल तर जहाजाची सहल घ्या. जवळ असेल तर पायी फिरा. पेनांगला धक्क्यापासून पंधरा-वीस मिनिटे चालत गेले की कपितान केलिंग मशीद लागते. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला भारतातून गेलेल्या मुसलमानांनी ती उभारली. इस्तंबूलला गलाटा बंदरातून बाहेर पडताच मिमार सिनान यांनी बांधलेली किलिच अली पाशा मशीद जवळच आहे. मुसाफिरावर जुमा फर्ज नसला तरी वेळ असेल तर परक्या मुलखात सफमध्ये उभे राहण्याचा आनंद घ्यावा.

छोट्या पण महागात पडणाऱ्या गोष्टी

औषधे हातातल्या पिशवीत ठेवा. मोठ्या बॅगा केबिनमध्ये पोहोचायला संध्याकाळ होते. इन्सुलिन असेल तर केबिनच्या फ्रिजवर भिस्त ठेवू नका, तो पुरेसा गार असेलच असे नाही. जहाजाच्या दवाखान्यात विचारा. मधुमेह असणाऱ्याच्या खिशात साखर किंवा खजूर हवेच. प्रवास विमा घेताना त्यात जहाजावरचा उपचार धरला आहे का ते वाचा.

पोट ढवळत असेल तर जहाजाच्या मधल्या आणि खालच्या मजल्यावरची केबिन बरी, तिथे हेलकावे कमी लागतात. उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून आधीच आणा. जेवणापूर्वी हात साबणाने धुवा, जहाजावर पसरणाऱ्या पोटाच्या आजाराला नुसते सॅनिटायझर पुरत नाही.

जहाज सुटले की मोबाइल विमान मोडवर टाका, नाहीतर समुद्रावरच्या रोमिंगचे बिल घरी येऊन रडवते. सिंगापूरहून निघून सिंगापूरलाच परतायचे असेल तर व्हिसा दुसऱ्यांदा प्रवेश देणारा हवा. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने उरलेली असावी. रोजची सेवा-रक्कम बिलात आपोआप लागते, ती तिकिटात आहे का हे आधी विचारा. भगिनींसाठी एक गोष्ट : तलावात अंगभर कपडे चालतात, पण ते पोहण्यासाठीच्या कापडाचे हवेत. सुती सलवार-कमीजवर उतरू देत नाहीत.

पैशाबद्दल आमचे मत स्पष्ट आहे. ज्याच्यावर हज फर्ज झाला आहे त्याने आधी हज करावा. व्याजाच्या हप्त्यांवर सफर करू नये. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी मुंबईहून दोन-तीन रात्रींची गोव्याची सफर करून बघावी, पावसाळा सोडून.

अम्मी त्यानंतर आमच्याबरोबर आणखी दोनदा आल्या. आता जहाजावर चढल्या की केबिनसुद्धा न बघता त्या आधी जेवणाच्या हॉलमध्ये जातात. इंग्रजी येत नाही, पण मुख्य वाढप्यासमोर उभ्या राहून म्हणतात, "हलाल. शुगर पेशंट. डाळ-चावल." आणि आमच्याकडे वळून म्हणतात, "झालं. आता सामान लावा."

चिपळूणच्या भगिनींनो, तुम्ही जरूर जा. निघताना सफरची दुआ पढा आणि बुकिंगचा अर्ज भरताना जेवणाचा रकाना रिकामा सोडू नका. अल्लाह सर्वांची सफर आसान करो. आमीन.