‘बिल नाहीये, पण पीस कडक आहे!’

कॉलेजच्या कट्ट्यावर, हॉस्टेलच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नाहीतर स्टेशनबाहेरच्या टीचभर दुकानात हे वाक्य ऐकलं नाही असा विद्यार्थी सापडणं कठीण. चाळीस हजारांचा फोन पंधरा हजारांत मिळतोय म्हटल्यावर आपण कॅमेरा बघतो, बॅटरी किती टिकते ते विचारतो, काचेवर ओरखडा आहे का ते टॉर्च मारून तपासतो. फोन मुळात कुणाचा, एवढं सोडून सगळं विचारतो. ते विचारलं तर डील तुटेल ना!

सेकंडहँड फोन घेण्यात काहीच गैर नाही. लेक्चरच्या नोट्स, परीक्षेचे फॉर्म, मेसचे पैसे, सगळं फोनवर. नवा फोन घ्यायची ऐपत प्रत्येक घरात नसते, त्यामुळे जुन्या फोनचा बाजार हा आपलाच बाजार आहे. म्हणूनच तिथे येणारा माल कुठून येतो हे बघणंही आपलंच काम.

त्यातला काही कुठून येतो, हे लोकलने फिरणाऱ्यांना सांगायला नको. ‘फटका गँग’ हा शब्द मुंबईबाहेरच्या मित्रांना कदाचित नवा असेल. गाडी सिग्नलला हळू झाली की रुळांशेजारी उभा असलेला चोर दारातल्या प्रवाशाच्या हातावर काठी मारतो, खाली पडलेला मोबाइल उचलतो आणि पळतो. यात लोक गाडीतून पडून जायबंदी झालेत. मे २०२१मध्ये कळव्याला तर फोन हिसकावणाऱ्या चोराशी झटापट करताना एका महिलेचा लोकलखाली जीव गेला. गिऱ्हाईक नसतं तर हा धंदा एक आठवडाही चालला नसता. आणि बिनबिलाच्या फोनचं गिऱ्हाईक कोण, तर बऱ्याचदा आपणच.

प्रत्येक मोबाइलला आयएमईआय नावाचा पंधरा आकडी नंबर असतो. दोन सिमच्या फोनला दोन नंबर. चोरीचा फोन विकण्याआधी काही जण सॉफ्टवेअरने तो नंबरच बदलतात. नकली फोनवर तर कुठला तरी खरा नंबर सरळ छापून मोकळे होतात. २०२०मध्ये मेरठ पोलिसांना तपासात एकाच आयएमईआयवर तेरा हजारांहून जास्त फोन चालू असल्याचं आढळलं होतं. आता अशा नंबरवरून कुणी धमकी दिली किंवा फसवणूक केली, तर पोलिसांनी कुणाकुणाच्या दारात जायचं?

‘मला काय माहीत तो चोरीचा आहे?’ हा आपला ठरलेला बचाव. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१७ मात्र फक्त ‘माहीत असून’ चोरीची वस्तू घेणाऱ्यापुरतं थांबत नाही. ती चोरीची आहे असं मानायला कारण होतं का, हेही तिथे बघितलं जातं आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत आहे. निम्म्याहून कमी किंमत, बिल नाही, बॉक्स ‘गावी राहिलाय’ आणि विकणारा आपलं नावही नीट सांगत नाही. आणखी किती कारणं हवीत? आयएमईआय बदलणाऱ्यासाठी दूरसंचार कायदा २०२३ आणखी कडक आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कोर्टकचेरी झाली नाही तरी पोलिसांचा फोन येतो, मोबाइल जमा करावा लागतो आणि पंधरा हजार पाण्यात. विकणाऱ्याचा नंबर तोवर ‘स्विच ऑफ’.

तपासायला दोन मिनिटंही लागत नाहीत. *#०६# डायल केलं की आयएमईआय दिसतो. मेसेजमध्ये इंग्रजीत केवायएम, मग एक स्पेस, मग तो नंबर लिहून १४४२२ला पाठवा. उत्तरात ‘ब्लॅकलिस्टेड’, ‘डुप्लिकेट’ किंवा ‘ऑलरेडी इन यूज’ आलं तर फोन परत करा आणि चालू लागा. उत्तरात आलेली कंपनी आणि मॉडेल हातातल्या फोनशी जुळतंय का, तेही बघा. नकली फोन तिथेच उघडा पडू शकतो. संचार साथी पोर्टलवरही हीच सोय आहे. २०२५च्या अखेरीस हे अ‍ॅप प्रत्येक नव्या फोनमध्ये आधीच टाकून द्यायचा आदेश सरकारने काढला, खासगीपणावरून ओरड झाली आणि काही दिवसांत तो मागे घेतला. ओरड योग्यच होती. पण अ‍ॅप नको म्हणून तपासणीही नको, असं थोडंच आहे? साध्या एसएमएसला कुठलीच परवानगी द्यावी लागत नाही.

सगळा भार गिऱ्हाइकावर टाकून मात्र चालणार नाही. ऑक्टोबर २०२५मध्ये दूरसंचार सायबर सुरक्षेचे नियम बदलले आणि वापरलेल्या फोनची खरेदी-विक्री करणाऱ्यांनी आयएमईआय सरकारी यादीत तपासून घेण्याची जबाबदारी आली. कागदावर छान आहे. प्रत्यक्षात किती काउंटरवर तुमच्यासमोर नंबर तपासून, बिलावर लिहून फोन हातात दिला जातो? असं बिल मागणाऱ्याकडे दुकानदार ‘हा कुठून आला’ अशा नजरेने बघतो. बघू दे. दुकानातून घेतलेल्या फोनचं बिल हातात असेल, तरच ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर किंवा ग्राहक आयोगात आपल्या शब्दाला वजन येतं. मोबदल्यात दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर आयोगात तक्रारीला फी नाही, हेही फारसं कुणाला माहीत नसतं.

आणि पोलीस ठाण्यांबद्दलही बोलायला हवं. फोन खिशातून मारला गेला असं सांगूनही कागदावर ‘गहाळ’ लिहून घेतल्याचा अनुभव तुमच्या वर्गात दोघा-तिघांना तरी असेल. ‘गहाळ’ लिहिलं की चोरीचा गुन्हा नाही, गुन्हा नाही म्हणून आकडा नाही. वास्तविक हरवलेला फोन देशभरातल्या सगळ्या नेटवर्कवर बंद करणारी सीईआयआर यंत्रणा सप्टेंबर २०१९मध्ये महाराष्ट्रातच सुरू झाली आणि मे २०२३पासून सगळ्या देशाला मिळाली. तक्रारीची प्रत, आयएमईआय आणि ओटीपीसाठी त्याच नंबरचं नवं सिम असलं की साधारण चोवीस तासांत फोन ब्लॉक होतो. त्यानंतर त्यात कुणी दुसरं सिम घातलं, तर त्याची खबर पोलिसांकडे जाते. पुढचं काम त्यांचं. तेव्हा तक्रार द्यायला गेलात तर ‘चोरी’ हा शब्द कागदावर उमटेपर्यंत खुर्ची सोडू नका, आणि जमलं तर सोबत एखादा मित्र घेऊन जा.