ऐकण्याचीही मजुरी द्या

कापडाच्या व्यापाऱ्याची खरी पुंजी त्याच्या बोटांत असते. तागा हातात आला की माल सुती आहे की मिसळ, हे बोट सांगते. तरीही शंका राहिली तर कापड थोडे फाडावे, त्याचा आवाज सांगतो. ही पारख यायला उमर जाते. तिचे वेगळे पैसे गिऱ्हाईक देत नाही, ते कापडाच्या भावातच वसूल होतात. मोटारसायकलच्या मिस्त्रीकडेही अशीच पारख असते. तिचे पैसे मात्र आपण कोठेच देत नाही आणि मग नुकसान आपलेच होते. ही गोष्ट मी अडीच हजार रुपये घालवून शिकलो, म्हणून हा लेख.

आमच्या कुरुंद्यासारख्या गावातून वसमत, औंढा या बाजूंच्या आठवडी बाजारांना जाणाऱ्या छोट्या व्यापाऱ्याची मोटारसायकल म्हणजे त्याचे अर्धे दुकान. मागे कापडाचे दोन गठ्ठे बांधायचे आणि पहाटे निघायचे. गाडी बंद पडली की त्या दिवसाचा बाजार गेला. पुढच्या बाजारापर्यंत उधारीवाले थांबत नाहीत आणि गिऱ्हाईक दुसरीकडे वळते.

माझ्या गाडीला घूं-घूं असा आवाज येऊ लागला. नवल असे की बाजाराला जाताना आवाज यायचा, परत येताना नाही. गॅरेजवर उभी केली की गाडी अगदी शांत. पहिल्या मिस्त्रीने टायमिंग चेन बदलली, आवाज तसाच. दुसऱ्याने क्लच प्लेटा बदलल्या, तरी तसाच. दोन्हीकडे मिळून अडीच हजारांच्या वर गेले. दोघांनीही गाडी स्टँडवर लावून अ‍ॅक्सिलरेटर पिळला आणि अंदाज केला. बसून कोणी पाहिले नाही. दोष त्यांचा एकट्याचा नाही, हे पुढे सांगतो.

तिसरे एक जुने उस्ताद. त्यांनी पाना हातात घेण्याआधी विचारले, आवाज केव्हा येतो? मी सांगितले. ते हसले आणि म्हणाले, "सेठ, खाली गाडी लाको क्या फायदा? माल लाद को लाव, फिर सुनता मैं." दुसऱ्या दिवशी गठ्ठे बांधून गाडी नेली. उस्तादांनी मला बसायला लावले, खाली वाकून मागच्या चेनला बोट लावले. चेन तारेसारखी ताठ होती.

कारण सरळ होते. काही दिवसांपूर्वी चेन कसली होती, ती रिकामी गाडी स्टँडवर लावून आणि गरजेपेक्षा जास्त. गाडीवर माल व माणूस चढला की मागचे शॉकअ‍ॅब्सॉर्बर दबतात आणि चाक वर सरकते. चाक वर आले की पुढच्या व मागच्या चक्रांतले अंतर थोडे वाढते आणि चेन ताणली जाते. म्हणून कसताना तिला थोडा झोल ठेवावा लागतो. बहुतेक लहान गाड्यांत हा झोल साधारण २ ते ३ सेंटिमीटर असतो, नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. माझ्या चेनला झोल नव्हताच. ती चक्रांवर घासत होती, बेरिंगवर जोर टाकत होती, आणि भर रस्त्यात तुटून चाकात अडकली असती तर जिवावरच बेतले असते. उस्तादांनी चेन सैल केली. मजुरी सांगितली तीस रुपये.

मी तीस रुपये दिले आणि खुशीत घरी आलो. रात्री हिशेब लिहायला बसलो तेव्हा लाज वाटली. ज्यांना दोष सापडला नाही त्यांना हजारो, आणि ज्याला सापडला त्याला तीस. असा हिशेब आपण आपल्या धंद्यात कधी चालू देऊ का?

उस्तादांचे काम जादूचे नव्हते, त्याला रीत आहे. व्यापारी बंधूंनीही ती समजून घ्यावी, म्हणजे मिस्त्रीला नीट सांगता येते. पहिला प्रश्न, आवाज इंजिनाबरोबर वाढतो की चाकाबरोबर? मोकळ्या सपाट रस्त्यावर गाडी ताशी ३० किलोमीटरवर असताना अ‍ॅक्सिलरेटर सोडून क्लच दाबावा. आवाज गाडीच्या वेगाबरोबर हळूहळू उतरला तर दोष चाक, ब्रेक, बेरिंग किंवा चेनचा. उभ्या गाडीवर न्यूट्रलमध्येही अ‍ॅक्सिलरेटरबरोबर चढला-उतरला तर इंजिनाचा. दुसरा प्रश्न, थंड गाडीला येतो की गरम? तिसरा, रिकाम्या गाडीला की भरलेल्या?

चाकाकडचा आवाज असेल तर टायरला शिंप्याच्या खडूची खूण करून गाडी हाताने ढकलावी. चाकाच्या दर फेरीला एक ठोका आला तर चाकात किंवा ब्रेकच्या ड्रममध्ये पाहावे. साधारण अडीच फेऱ्यांनी एक आला तर चेनची एखादी कडी आखडली असावी, कारण पूर्ण चेन फिरायला चाकाला सुमारे तेवढ्या फेऱ्या लागतात. इंजिनाची बारीक टिक-टिक बहुधा टॅपेटची. जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांना टॅपेटच नव्हते. १९८५ साली हीरो होंडाची सीडी-१०० आली, फोर-स्ट्रोक गाड्या वाढल्या, आणि मिस्त्री लोकांना नवे आवाज ओळखायला शिकावे लागले. ते कुठल्या शाळेत नव्हे, कानानेच शिकले.

लांब पेचकसाचे टोक इंजिनावर आणि मूठ कानाशी धरून ऐकणारा मिस्त्री आपण पाहिला असेल. १८१६ साली पॅरिसच्या लेनेक नावाच्या डॉक्टरने कागदाची गुंडाळी रोग्याच्या छातीला लावून ऐकले, त्यातून स्टेथोस्कोप निघाला. तत्त्व एकच. डॉक्टरला तपासणीची फी आपण न बोलता देतो. मिस्त्रीला मात्र विचारतो, "काय बदलले?" काही बदलले नाही म्हणाला तर पैसे कशाचे म्हणतो. मग तो पार्ट बदलायला शिकतो. माझे अडीच हजार याच सवयीने गेले.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या, आता संगणक लावून दोष पाहतात असे कोणी म्हणेल. ते खरे, पण ती यंत्रे सेन्सरचे व विजेचे दोष सांगतात. चेन ताठ आहे, एखादा बोल्ट ढिला आहे, हे त्यांना ऐकू येत नाही. कान लागतोच.

म्हणून व्यापारी बंधूंना विनंती, दोष शोधण्याची मजुरी वेगळी ठरवा आणि खुशीने द्या. आवाज केव्हा येतो ते लिहून न्या आणि ज्या हालतीत येतो त्याच हालतीत गाडी न्या. कारागीर बंधूंनाही विनंती, तपासणीची मजुरी आधी सांगा, मागायला लाजू नका. पार्ट बदललात तर जुना मालकाच्या हातात द्या. समजले नाही तर "समजले नाही" म्हणा, त्याने इज्जत जात नाही. आपली कितीतरी मुले गॅरेजवर हुनर शिकतात. ऐकण्याला दाम मिळाला नाही, तर ती उस्तादाकडून फक्त पाना फिरवणे शिकतील.

पुढच्या बाजाराहून परतताना मी उस्तादांकडे पुन्हा गेलो आणि राहिलेली मजुरी देऊन आलो. ते घेत नव्हते. मी म्हणालो, "चेनचे दिले होते, हे ऐकण्याचे." मग त्यांनी घेतले.