बाबासाहेब साऱ्यांचे, पण चित्र कोणाचे?



या वेळी बाभुळगावहून आलेले एक पत्र आपल्यापुढे ठेवीत आहे. पत्र लिहिणारे गृहस्थ पूर्वी दुकानांच्या पाट्या रंगवीत असत. फ्लेक्सची मशीन आली आणि त्यांचा धंदा बसला. आता मिळेल ते काम करून ते संसार चालवितात. त्यांची मुलगी बारावीत शिकते. बापाचा हात तिच्या बोटांत उतरला आहे. जयंतीच्या आधी तिने पंधरा रात्री जागून बाबासाहेब आणि माता रमाई यांचे पेन्सिलचित्र काढले. कोपऱ्यात बारीक अक्षरांत सही केली, मोबाईलवर फोटो काढला आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. सर्वांनी कौतुक केले. पण जयंतीच्या दिवशी तेच चित्र शेजारच्या तालुक्यातील एका मंडळाच्या बॅनरवर झळकले. सहीचा कोपरा कापलेला होता आणि त्या जागी फ्लेक्सवाल्याचा मोबाईल नंबर होता.

मुलीने विचारले, तर एक कार्यकर्ता हसून म्हणाला, "बाबासाहेब का तुह्या एकटीचे हायेत काय, पोरी?"

पत्राच्या शेवटी वडील लिहितात : "ताई, माणसे आपलीच आहेत. भांडावे तर समाज म्हणेल, हे बाबासाहेबांच्या नावावर पैसे मागतात. गप्प बसावे तर पोरीने त्या दिवसापासून पेन्सिल हातात धरलेली नाही. मी काय करू?"

दादा, आधी त्या कार्यकर्त्याच्या प्रश्नाचे उत्तर देऊ. बाबासाहेब कोणा एकाचे नाहीत हे खरेच आहे. त्यांचे चित्र कोणीही काढावे. पण तुमच्या मुलीने काढलेले चित्र तिचे आहे. हे मी मनाने सांगत नाही, कायदाच तसा आहे. मद्रास उच्च न्यायालयापुढे असाच एक खटला आला होता. तो निकाल १९६१ च्या निकालसंग्रहात छापलेला आहे. 'आर्य' या नावाने ओळखले जाणारे चित्रकार के. बाष्यम यांनी छायाचित्रांच्या आधारे महात्मा गांधींचे चित्र काढले होते. त्या चित्राची नक्कल दुसऱ्यांनी प्रसिद्ध केली. गांधीजी तर साऱ्या देशाचे. तरी न्यायालयाने मानले की, फोटोवरून काढलेले असले तरी चित्रकाराच्या कसबामुळे त्या चित्रात काही वेगळे उतरले असेल, तर त्या चित्राचा हक्क त्याचा असतो.

हा हक्क कॉपीराइट कायदा, १९५७ याने दिलेला आहे. चित्र कागदावर उतरले त्या क्षणी तो हक्क जन्माला येतो. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. चित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्यामागे आणखी ६० वर्षे हा हक्क टिकतो. बाबासाहेबांनी हयातीत प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांवरचा कॉपीराइट याच हिशेबाने २०१६ अखेर संपला. १ जानेवारी २०१७ पासून ते ग्रंथ कोणालाही छापता येतात. म्हणजे जगाच्या मालकीची वेळ येते, पण ती चित्र काढल्यानंतर दहाव्या दिवशी येत नाही.

आपल्या मुलांनाही एक गोष्ट सांगितली पाहिजे. बाबासाहेबांच्या हयातीत छापून आलेल्या फोटोंची मुदत आता संपलेली आहे. त्यावरून खुशाल चित्र काढावे. परंतु आजच्या एखाद्या चित्रकाराचे चित्र जसेच्या तसे उतरवून खाली आपले नाव घालणे, ही तीच चोरी झाली.

दुसऱ्याच्या निर्मितीखाली आपले नाव घालण्याची खोड नवी नाही. तुकोबांच्या काळी सालोमालो नावाचा एक जण होता. 'तुका म्हणे' काढून तो तिथे आपले नाव घालायचा, असे परंपरा सांगते. तुकोबांच्या गाथेत त्याच्यावर अभंगही आहेत. प्रभात कंपनीचा १९३६ सालचा 'संत तुकाराम' ज्यांनी पाहिला त्यांना तो सालोमालो आठवत असेल. ज्या तुकोबांच्या ओळी बाबासाहेबांनी १९२० साली 'मूकनायक'च्या शिरोभागी घेतल्या, त्यांनाही चोर चुकला नाही. तिथे तुमच्या लेकीचे काय!

पण आपल्या शाहिरांनी यावर उपाय करून ठेवला होता. वामनदादा कर्डकांची (१९२२-२००४) गाणी आठवा. शेवटच्या कडव्यात 'वामन' हे नाव गाण्यातच गुंफलेले असते. ते काढायला जावे तर चाल मोडते. म्हणून गाणारा कोणत्याही गावचा असो, वामनदादांचे नाव घेतल्यावाचून त्याचे गाणे पुरे होत नाही. मुलीची सही कोपऱ्यात होती म्हणून कापता आली. ती चित्राच्या आत असती तर कापणाऱ्याला बाबासाहेबांचा कोटच कापावा लागला असता.

आता पुढच्यासाठी काय काळजी घ्यावी ते सांगते.

चित्राचा पहिला फोटो मोठ्या आकाराचा, स्पष्ट काढून स्वतःजवळ ठेवावा. तो कोणाला पाठवू नये. व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून किंवा 'एचडी' करून पाठविलेला फोटो मोठा छापण्याच्या कामी येतो. लोकांना दाखवायला फोटोची लहान प्रत करावी. मोबाईलवर ती चांगली दिसते, पण दहा फुटी फ्लेक्सवर फाटते. त्या प्रतीवर चेहऱ्याच्या जवळून जाणारे फिकट नाव आडवे टाकावे. असे नाव पुसून देणारी साधने आता निघाली आहेत, म्हणून एवढ्यावर विसंबू नये. चित्र काढताना दर दोन-तीन दिवसांनी अर्धवट चित्राचा फोटो घ्यावा. नुसती रेघ, मग डोळे, मग चष्मा, मग कोट. चोराजवळ पुरे झालेले चित्र असते, अर्धवट चित्र नसते. कच्चे कागदही रद्दीत घालू नयेत.

नोंदणी सक्तीची नसली तरी ती उपयोगी पडते. कोर्टात नोंदणीचे प्रमाणपत्र प्रथमदर्शनी पुरावा मानतात. दिल्लीच्या कॉपीराइट कार्यालयाकडे ऑनलाइन अर्ज करता येतो. एका चित्राला ५०० रुपये फी आहे. मालाच्या वेष्टनावर वापरावयाच्या चित्राला ती २,००० रुपये आहे. प्रत्येक चित्राला एवढा खर्च आपल्याला झेपणारा नाही. जे चित्र छापून विकावयाचे आहे त्याचीच नोंदणी करावी.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. एखाद्या मंडळाने पैसे देऊन व्यक्तिचित्र काढवून घेतले आणि वेगळा करार केला नाही, तर कायद्याच्या कलम १७ प्रमाणे कॉपीराइट पैसे देणाऱ्याकडे जातो. म्हणून काम घेतानाच साध्या कागदावर लिहून घ्यावे : "हे चित्र या वर्षीच्या जयंतीच्या बॅनरसाठी दिले आहे. कॉपीराइट चित्रकाराकडे राहील. चित्रासोबत नाव छापले जाईल." खाली दोघांच्या सह्या आणि तारीख घ्यावी. हक्क विकायचाच असेल तर तोही लेखी विकावा लागतो. त्या कागदावर मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षे धरतात.

मात्र हक्क विकला तरी नाव विकले जात नाही. कलम ५७ प्रमाणे 'हे माझे काम आहे' असे सांगण्याचा आणि कामाची विटंबना रोखण्याचा हक्क कलावंताकडेच राहतो. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचे दिल्लीच्या विज्ञान भवनातील भित्तिशिल्प १९७९ साली काढून टाकण्यात आले. शिल्प सरकारच्या मालकीचे होते. तरी ते सरकारविरुद्ध कोर्टात गेले. २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, उरलेले शिल्प परत करण्यास आणि ५ लाख रुपये भरपाई देण्यास सरकारला सांगितले.

आता झाल्या प्रकाराबद्दल. दादा, एकदम पोलिसांत जाऊ नका, पण गप्पही बसू नका. प्रथम बॅनरचे फोटो काढून ठेवा. त्यात जागा आणि तारीख दिसावी. ज्या मोबाईलवर मूळ फोटो आहे तो विकू नका आणि फोटो पुसू नका. मग मंडळाला आणि फ्लेक्सवाल्याला रजिस्टर पत्र पाठवा. त्यात तीनच गोष्टी मागा : पुढे हे चित्र विचारल्याशिवाय छापू नये, मंडळाने आपल्या ग्रुपवर चित्रकार म्हणून मुलीचे नाव जाहीर करावे, आणि फ्लेक्सवाल्याने मोबदला द्यावा. मंडळाने जयंती केली आहे, धंदा केलेला नाही. फ्लेक्सवाल्याने मात्र तिच्या चित्रावर पैसे घेतले आहेत. हा भेद ध्यानात ठेवला म्हणजे समाजही तुम्हाला दोष देणार नाही. कोणी ते चित्र नुसते आपल्या मोबाईलवर ठेवले असेल तर त्याच्याशी तंटा नाही.

फेसबुक किंवा इन्स्टाग्रामवर कोणी चित्र आपले म्हणून टाकले असेल, तर तिथेच कॉपीराइटची तक्रार करण्याचा फॉर्म असतो. कॉपीराइट नियम, २०१३ प्रमाणे अशी लेखी तक्रार मिळाल्यावर ३६ तासांत ती गोष्ट रोखावयाची असते. पुढे २१ दिवसांत कोर्टाचा आदेश दाखविता आला नाही, तर ती पुन्हा खुली होऊ शकते.

एवढ्याने भागले नाही तर कोर्ट आहे. चोर मुंबईचा असला तरी मुंबईला जाण्याचे कारण नाही. कलम ६२ प्रमाणे हक्कदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो. म्हणजे तुम्हाला यवतमाळ. जाणूनबुजून केलेली चोरी हा गुन्हाही आहे. त्यास ६ महिने ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड सांगितला आहे. हा गुन्हा दखलपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली स्पष्ट केले आहे. पोलीस ठाण्यात "हे आमच्याकडे येत नाही" म्हणाले, तर एवढे सांगावे. वकिलाच्या फीची धास्ती घेऊ नका. विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे महिलांना आणि अनुसूचित जातींच्या व्यक्तींना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांनाही अनुसूचित जातीच्या सवलती लागू झाल्या आहेत. यवतमाळच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करावा.

मंडळांच्या कार्यकर्त्यांनाही माझी विनंती आहे. बॅनरवर वीस जणांचे हसरे फोटो आणि नावे छापता. ज्या हाताने बाबासाहेब रेखाटले त्याच्या नावाला एक ओळ द्यायला फ्लेक्सचा खर्च वाढत नाही. मोबाईलवर चित्र आले तर 'कोणी काढले?' एवढे आधी विचारा. काढणारी पोरगी बहुधा आनंदाने फुकटच देईल.

आणि बाळ, हे तुझ्यासाठी. तुझे चित्र वाईट असते तर कोणी चोरले नसते, असे म्हणून मी तुझी समजूत घालणार नाही. तुझे नाव कापले गेले, त्याचे दुःख खरे आहे. ते पत्र बाबांनी नव्हे, तू स्वतःच्या हाताने लिही आणि खाली तुझे पूर्ण नाव लिही. मग नवा कागद घे आणि रमाईचे चित्र पुन्हा काढ. या वेळी सही कोपऱ्यात करू नकोस. लुगड्याच्या काठाच्या नक्षीत तुझे नाव विण. पुरे झाले की त्याची एक लहान प्रत आमच्याकडे पाठव. तुझ्या नावासह छापू.