इग्वाना, मोती आणि मनी एकाच घरात?

रीलमध्ये कुत्र्याच्या पाठीवर बसलेला हिरवागार इग्वाना दिसला, की ‘आपल्याकडे पण एक हवा यार’ असं वाटणारच. पण अलिबाग-मुरूडकडची आपली घरं आठवा. पडवीत कुत्रा, स्वयंपाकघरात मांजर, परसात कोंबड्या. त्यात हा कुठे राहणार?

विकत घेताना तो वीतभर असतो. वाढला की शेपटीसकट ५ फुटांपर्यंत जातो आणि नीट सांभाळला तर १०-१५ वर्षं जगतो. शिवाय पक्का शाकाहारी. कुत्र्या-मांजरांचं खाणं त्याच्या मूत्रपिंडांना बाधतं. कुत्र्याने नुसतं खेळायला धरलं तरी त्याची शेपटी तुटू शकते, मांजर चावलं तर जखम चिघळते. त्याच्या विष्ठेत साल्मोनेला जिवाणू असू शकतात, म्हणजे घरात ५ वर्षांखालचं मूल असेल तर धोका त्यालाही.

माझं मत स्पष्ट आहे. दार लागणारी वेगळी खोली, ऊब आणि यूव्हीबी दिवा जमणार नसेल, तर घेऊच नका. आधीच घेतलाय? मग २०२४च्या नियमांनुसार ‘परिवेश २.०’ पोर्टलवर त्याची नोंदणी करा. आणि कंटाळा आला म्हणून वाडीत सोडून देऊ नका. फ्लोरिडात असेच सुटलेले, सोडलेले इग्वाना आता आवरता आवरत नाहीत.

सरपटणारं काही बघायचंच असेल, तर बांधावरची घोरपड लांबून बघा. तिला पकडणं किंवा पाळणं मात्र गुन्हा आहे, हं!