मुरमांवर खोबरेल

दहावी-बारावीतल्या पोरापोरींचे चेहरे सध्या खोबरेलाने चकाकत आहेत. खोबऱ्यात लॉरिक आम्ल असते, ते मुरमांचे जंतू मारते, एवढे मोबाइलवरच्या सौंदर्यसल्लागारांना पाठ झाले आहे. त्यावर ‘नैसर्गिक’ असा शिक्का मारला की काम भागते. यातले पहिले वाक्य खरे आहे, हीच पंचाईत. निखळ थाप असती, तर घरातल्या आजीनेच ती हाणून पाडली असती.

२००९ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो इथल्या संशोधकांनी मुरमांच्या जीवाणूवर लॉरिक आम्ल वापरून पाहिले. बेंझॉइल पेरॉक्साइड हे मुरमांवरचे नेहमीचे औषध. त्याला लागते त्याच्या पंधराव्या हिश्शाहूनही कमी मात्रेत लॉरिक आम्लाने जीवाणूची वाढ रोखली. उंदराच्या कानात जीवाणू टोचून आणलेली सूजही त्याने उतरली. अशी मेदाम्ले जीवाणूच्या आवरणात शिरून ते विस्कटून टाकतात. आपल्या त्वचेच्या तेलकट स्रावातले सॅपिएनिक आम्लही जंतूंना असेच आवरते. एरिथ्रोमायसिन आणि क्लिंडामायसिन या प्रतिजैविकांना मुरमांचा जीवाणू जगभर निर्ढावत चालला असताना या वाटेने संशोधन व्हायलाच हवे.

पण प्रयोगात वापरले ते सुटे, शुद्ध आम्ल. खोबरेलात लॉरिक आम्ल जवळजवळ निम्मे असते खरे. मात्र ते ग्लिसरॉलला जखडलेले असते. त्वचेवरचे जीवाणू त्यातले थोडे सोडवत असतील, पण बाटलीत सुटे मिळते ते नाममात्रच. शिवाय तेलात सुटी आम्ले वाढली की तेल उतरले, खवट झाले, असे आपण म्हणतो. म्हणजे खोबरेल जितके चांगले, तितके हे ‘औषध’ त्यात कमी! त्यात पुन्हा खोबरेल रंध्रे बुजवणाऱ्या तेलांपैकी, आणि मुरमाची सुरुवातच रंध्र बुजण्यातून होते. केसांना चोपडलेले तेल-पोमेड कपाळावर ओघळून तिथे मुरमे उठतात, हे त्वचारोगतज्ज्ञांनी १९७० सालीच नोंदवले आहे.

खोबरेल खाद्यतेल की केशतेल, हा करापुरता वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन डिसेंबर २०२४ मध्ये कुठे मिटला. ते औषध आहे की नाही, हे मात्र तीस सेकंदांच्या चित्रफितीत ठरते.

गंमत अशी, की लॉरिक आम्लाचाच एक दूरचा भाऊबंद रीतसर औषध होऊन केव्हाच दुकानात आला आहे: ॲझेलेइक आम्ल. गहू, बार्ली, राय या धान्यांत ते सापडते. शिबे उठतात ती त्वचेवरच्या एका बुरशीमुळे, आणि शिब्यांचे डाग फिके का पडतात याचा माग काढताना संशोधक या आम्लापर्यंत पोहोचले. मग काळ्या डागांवर ते लावून पाहताना रुग्णांचे मुरूमही कमी होताना दिसले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९५ मध्ये त्याच्या २० टक्के क्रीमला मुरमांसाठी मान्यता दिली. त्याने सुरुवातीला चुरचुरते आणि गुण यायला काही आठवडे जातात. पण जीवाणू त्याला सहसा निर्ढावत नाहीत. तेही निसर्गातलेच. फक्त किती टक्के, कशात मिसळून, किती दिवस, हे माणसांवर तपासून ठरवलेले आहे. लॉरिक आम्लाची अशी तपासणी मुरमांसाठी पुरेशी झालेली नाही.

‘लॉरिक आम्लयुक्त’ म्हणून मुरमांसाठी तेले आणि मलमे विकणाऱ्यांना अन्न व औषध प्रशासनाने निदान दोन गोष्टी वेष्टनावर छापायला लावाव्यात: आतले आम्ल सुटे किती आणि बांधलेले किती, आणि गुणाचा दावा माणसाच्या चेहऱ्यावर तपासलाय की उंदराच्या कानावर.