दाखला सरकारचा, संस्कार ख्रिस्तसभेचा

समलिंगी विवाहाचा विषय निघाला की आपल्या घरांतून एकच वाक्य ऐकू येते : ‘विवाह हा संस्कार आहे, सरकारने त्याला हात का लावावा?’ वाक्य खरे आहे, पण ते भलत्याच दारावर जाऊन थडकते. सरकारला संस्कार देता येत नाही आणि काढूनही घेता येत नाही. सरकार देते तो दाखला.

हा भेद आपल्याला नवा नाही. १८६९ च्या घटस्फोट कायद्यात २००१ साली दुरुस्ती झाली आणि ख्रिस्ती दांपत्यांना परस्परसंमतीने विभक्त होण्याची वाट मोकळी झाली. ख्रिस्तसभा तो घटस्फोट मानीत नाही. तरी त्या दुरुस्तीने वेदीपुढे दिलेले एकही वचन रद्द झाले नाही.

‘पण विवाहाची व्याख्या बदलता येत नाही!’ असे म्हणणाऱ्यांनी भोरकडे पाहावे. १९४८ पर्यंत तेथे पंतसचिवांचे संस्थान होते; ते मुंबई प्रांतात विलीन झाले. हिंदू पुरुषाला दुसरी बायको करण्याची मुभा त्या प्रांतात १९४६ सालीच गेली होती. देशभर ती १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने संपली. कायद्यातला विवाह माणसांनी घडवला आहे आणि न्यायासाठी माणसांनीच तो सुधारला आहे.

आता समजा, शेजारच्या वेल्ह्याचे दोन पुरुष पोटासाठी मुंबईस गेले आणि वीस वर्षे एका खोलीत जोडप्यासारखे राहिले. एकाने अंथरूण धरले. इस्पितळात सही कोणाची? खोलीचा वारस कोण? ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्यावरचा गुन्हेगारीचा शिक्का पुसला. मात्र १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सुप्रियो चक्रवर्ती खटल्यात पाचही न्यायमूर्तींनी विवाहाचा मूलभूत हक्क नाकारला. जानेवारी २०२५ मध्ये फेरविचाराचे अर्जही फेटाळले गेले. शिधापत्रिका व संयुक्त बँक खाते यांविषयी केंद्र सरकारने २०२४ साली खुलासे केले. पण खुलासा म्हणजे हक्क नव्हे. मृत्युपत्र नसेल तर वीस वर्षांचा सोबती कायद्याच्या लेखी परकाच.

नैसर्गिक नियमाचा युक्तिवाद पोकळ आहे असे आम्ही म्हणत नाही. स्त्री-पुरुषाचे मीलन नवजीवनास खुले असावे, ही ख्रिस्तसभेची शिकवण आम्हांस मान्य आहे. २००३ साली व्हॅटिकनने अशा संबंधांच्या कायदेशीर मान्यतेलाही विरोध केला, हेही लपवण्याचे कारण नाही. परंतु मानवी कायद्याने प्रत्येक दोषावर बंदी घालू नये, हे संत थॉमस अक्वायनस यांनीच शिकवले. आणि अशा जोडप्यांना नागरी कायद्याचे संरक्षण असावे, असे पोप फ्रान्सिस यांचे म्हणणे २०२० साली जगापुढे आले.

वाचकहो, वेदी आपली आहे. तिचे रक्षण आपण करू. पण नोंदणी कचेरी सर्वांची आहे. ज्या दाराची किल्ली आपली नव्हे, त्या दाराशी आडवे उभे राहून संस्काराचे पावित्र्य वाढत नाही. मरणाऱ्याच्या उशाशी बसलेल्या एका माणसाला मात्र बाहेर थांबावे लागते.